आबांच्या सदऱ्यावरचं शेण

१२ डिसेंबर. लेकाचा पाय मुरगळला म्हणून आंबेहळद उगाळायला बसले, आणि त्या वासानं विंझरच्या घरातली वीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ समोर उभी राहिली.

माझे सासरे, आबा, तेव्हा पंचाहत्तरीचे. मागच्या दारानं लंगडत आत आले आणि भिंतीला टेकून म्हणाले, "सूनबाई, फरशी पुसतीस का तेल लावतीस? लई जोरात पडलो."

मला राग आला. फरशी सकाळीच पुसून वाळली होती. कंबरेला लेप लावायला बसले, तर सदऱ्याच्या पाठीवर ओलं शेण आणि तांबूचे चार केस.

तांबू आमची मारकी गाय. तिनं आबांना पुन्हा ढुशी दिली तर तिला विकणार, असं माझ्या नवऱ्यानं आदल्याच आठवड्यात बजावलं होतं.

"फरशीवर शेण कुठनं आलं, आबा?"

आबांचा आवाज खाली आला. "त्याला बोलू नगंस. ती गेली तर म्या सकाळी उठू कशापायी?"

नवरा आल्यावर मी सांगितलं, फरशी ओली राहिली होती. त्यानं मला चांगलंच झापलं. शेजारी बसून आबा म्हणतात, "म्या तरी तेच सांगतोय!"

तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट पुरवला. आता माझेही गुडघे कुरकुरतात, तरी परसातल्या मिरच्यांना दुसऱ्या कुणाला पाणी घालू देत नाही.

आबा पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारापासून गोठ्यापर्यंत त्यांना धरून चालायला आडवा बांबू बांधला, आणि तांबूचं दावं हातभर आखूड केलं.