लातूरच्या फळ्यावरची चांदणी

क्रियापदांवर गप्पा मारायला कुणी बिलोलीहून लातूरला जातं का, असं स्टाफरूममध्ये विचारून झालं. जातं. मी गेले. कार्यशाळा अनौपचारिक होती. ‘असणे’, ‘लागणे’, ‘राहणे’ ही क्रियापदं आपल्या भागात लोक कशी वापरतात, ती वाक्यं घेऊन यायचं. मी आईची नेली. निघताना ती म्हणाली, “माझं बोलणं तिथं सांगू नको बाई. हसतील.” चार शिकलेली माणसं दिसली की ती गप्पच बसते. मला याचा फार राग येतो.

जाणार असाल तर आधी नांदेड गाठा; तिथून लोहा-अहमदपूरमार्गे लातूरची एसटी मिळते. बायकांना अर्धं तिकीट आहे. सकाळची गाडी धरा, म्हणजे खिडकी मिळते. अहमदपूरला गरम भजी जरूर खा. चहा मात्र पाकासारखा गोड.

लातूरला कार्यशाळा भरवणाऱ्या मनीषाताईंच्या शिकवणीच्या खोलीत सतरंजी आणि फळा, एवढाच थाट. मी आईचं वाक्य लिहिलं : ‘मी भाकऱ्या करायले’, म्हणजे करतेय. पुण्याहून आलेल्या सरांनी त्याच्याआधी खडूनं चांदणी काढली. भाषेच्या अभ्यासात तिचा अर्थ, असं कुणी बोलत नाही.

माझं डोकंच फिरलं. उठले आणि ओढणीनं चांदणी पुसली.

“मॅडम, पुसल्यानं वाक्य बरोबर होत नाही,” सर म्हणाले.

“आणि काढल्यानं चुकीचं होतं का?”

त्यांनी पुन्हा काढली. मी पुन्हा पुसली. मागून मनीषाताई म्हणाल्या, “सर, आमच्याकडं सगळेच असं बोलतेत. मी पण!” तिसऱ्यांदा सरांनी चांदणी काढली, पण शेजारी कंसात लिहिलं, ‘पुण्यात’. तेवढी मी राहू दिली. मग सगळ्यांनी मिळून पिठलं-भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सरांनी चटणी दोनदा मागून घेतली.

घरी आले तेव्हा आई चुलीपुढं होती.

“ओढणी कशानं मळली गं?”

“एक सर तुझ्या बोलण्याला चूक म्हणले. त्यांचा खडू पुसून आले.”

आईनं परात बाजूला सारली. मला वाटलं, आता आणखीच गप्प होईल. पदरानं तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली,

“लाव त्या सराला फोन. मी बोलते.”