सुनंदाताई आणि कपाटाची चावी

"नवी नवरी आपल्या कामाची आहे. बोलत नाई, नुसती पाहून राह्यते. सुनंदावर लक्ष ठेवायले अशीच पाहिजे!"

चेंजिंग रूमच्या पडद्याआड मी युनिफॉर्म घालत होते आणि पलीकडे आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज कल्पना मॅडम आयामावशींना हे सांगत होत्या. लग्नाला महिना झालेला, नोकरीचा दुसरा दिवस. मी पिन दातांत धरून तशीच उभी राहिले. वॉर्डात किस्से साठतातच. गप्प बसणाऱ्याकडे जरा जास्त.

सुनंदाताई अठरा वर्षांच्या जुन्या स्टाफ नर्स. कंबर दुखायची म्हणून पेशंटची उरलेली पेनकिलर इंजेक्शनं स्वतः घेऊ लागल्या. मग दुखणं थांबलं, इंजेक्शनं थांबेनात. एक दिवस स्वतःच मेट्रनसमोर जाऊन त्यांनी सगळं सांगितलं. उपचार झाले आणि हॉस्पिटलने अटींवर परत घेतलं: दर आठवड्याला लघवीची तपासणी, ड्यूटीवर एक सोबतीण, आणि सहा महिने त्या इंजेक्शनांच्या कपाटाची चावी हातात नाही. चावी परत मिळाली तर त्या पुन्हा पूर्ण नर्स. नाही तर जन्मभर चादरी आणि गॉज.

सोबतीण मी!

*

लॅबमधल्या गजूभाऊंना ताईंसमोर तो शब्दच उच्चारवेना.

"ताई, ते आणलं का?"

"कोणतं ते?"

"ते... तुमचं ते."

ताईंनी बाटली काउंटरवर ठेवली. "गजू, दिवसभर लोकाईची लघवी तपासतं, अन् माह्या लघवीचं नाव घ्यायले लाजतं?"

रांगेतला एक म्हातारा एवढा हसला की त्याची स्वतःची बाटली सांडली.

*

एकदा ताईंचं डोकं ठणकत होतं. साधी क्रोसिन मागितली. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडमला विचारते." मॅडम म्हणाल्या, "डॉक्टरांची सही आणा." डॉक्टर राउंडवर!

तासाभराने आयामावशींनी आपल्या पिशवीतला बाम काढून ताईंच्या कपाळाला चोळला. ताई डोळे मिटूनच म्हणाल्या, "मावशी, बामाची सही कुठं करू?"

*

शनिवारी दुपारी नशेतून बाहेर पडणाऱ्या नर्सेसची बैठक असते. सोबतीण म्हणून मीही ताईंबरोबर जायची. तिथलं बाहेर सांगायचं नसतं. हे ताईंना आणि ज्यांचं आहे त्यांना विचारून सांगते आहे.

हिंगणघाटहून बसने येणारे एक ब्रदर पहिल्याच दिवशी रडले. दारू नुकती सुटलेली. "मले वाटे, नर्सिंगमंदी मी एकटाच असा!"

ताईंनी चहा पुढे केला. "एकटा असता त एवढ्या खुर्च्या कायले मांडल्या असत्या, भाऊ?"

ब्रदर रडता रडता हसले. चहा संपल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "कंबर दुखली त सहन होते मले. कपाटाजवळून गेली का साऱ्या चूप होतात, ते नाई होत."

मी रिकामे कप गोळा करू लागले.

*

पवनारला घरी सासूबाईंचा हुकूम होता, "त्या बाईच्या डब्यातलं खाऊ नको बरं!"

एक दिवस घाईत डबे बदलले आणि ताईंची पाटवडी घरी आली. सासूबाई रस्सा पुसून खात म्हणाल्या, "कोणं केली वं?"

सांगितलं. घास तोंडातच होता. बराच वेळ चावत राहिल्या.

"उद्या तिले विचारजो, खसखस टाकते का म्हणून."

*

सहा महिने भरले. एकही तपासणी चुकली नाही, एकीतही काही निघालं नाही. हॉस्पिटलच्या कमिटीचं पत्र आलं: सुनंदाताईंना चावी देण्यास हरकत नाही. मॅडमनी ते टेबलाच्या काचेखाली सरकवलं.

आमच्याकडे ड्यूटी बदलताना चावी टेबलावर ठेवत नाहीत, हातातून हातात देतात. घेणारीने इंजेक्शनं मोजायची, दुसरीने बघून सही करायची. पत्र आलं त्या दिवशी मॅडमचा हात ताईंना ओलांडून माझ्यापुढे आला. मी चावी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. ताई बाजूला गॉजच्या घड्या घालत होत्या, घातलेल्याच पुन्हा.

तिसऱ्या दिवशी चावी परत माझ्यापुढे आली. मी दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"घे ना वं," मॅडम म्हणाल्या. आयामावशी पुसणं थांबवून बघू लागल्या. ताईंनी मान वर केली नाही.

"सहा महिने नुसती पाहूनच राह्यली मी, मॅडम. आता चावी ताईले द्या."