रिकामा पाट कोणी घेत नाही

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी सरूने मूर्तीचा डावा डोळा पुरा केला आणि धरून ठेवलेला श्वास सोडला. डोळा आखताना श्वास सोडायचा नाही, हे तिला तिच्या वडिलांनी, मोरूशेठनीच शिकवलं होतं. ते शेजारी टेबलावरचा दिवा डाव्या हातात धरून उभे होते. उजवा हात त्यांनी पोटाशी दाबून धरला होता, कारण मोकळा सोडला की तो आपला आपण हलायचा.

"हा कुठचा, आप्पा?" सरूने विचारलं.

"कॅनडाचा. तिकडच्या मंडळाचा. पुढच्या आठवड्यात पेटीत जाईल."

"म्हणजे माझ्या आधी पोचणार."

मोरूशेठनी दिवा पुढच्या मूर्तीवर नेला.

पेणमध्ये गणपती बनवतात त्या जागेला कारखाना म्हणतात, मग ती चार पत्र्यांची शेड का असेना. मोरूशेठचा कारखाना साधारण तेवढाच. मात्र त्यांच्या हातच्या डोळ्यांना नाव होतं. डोळे काढण्याच्या कामाला आखणी म्हणतात. माती सुकते, पांढऱ्या रंगाचा पहिला हात बसतो, अंगाचा रंग होतो आणि सगळ्यात शेवटी आखणी. खांब गावापासून रोह्यापर्यंतची घरं "आमच्याकडे नजर मोरूशेठचीच" असं सांगत. गेल्या वर्षी शिमग्यात लकव्याचा झटका आला. हात परत आला, पण जेवणापुरता. कुंचल्यापुरता आला नाही. त्या साली सगळे डोळे सरूने काढले. बाहेर कोणाला सांगितलं नाही आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. उलट मूर्ती न्यायला आलेले लोक म्हणाले, "शेठ, यंदा हात काय लागलाय!" मोरूशेठनी मान हलवली होती.

सरू पंचवीस वर्षांची. एम.एस्सी. करून ती रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली होती. कंपनीच्या प्लँटमधून आलेल्या बाटल्यांतला माल तपासायचा आणि आकडे लिहून पाठवायचे, हे काम. तिचं डोकं मात्र दुसरीकडे होतं. शाडूची मूर्ती सुकताना मांडीखाली तडा का जातो? पेणमध्ये त्यावरचा उपाय सगळ्यांना माहीत होता: मातीत कापूस घाला, ओलं फडकं टाका, वारा लागू देऊ नका. तडा नेमका तिथेच का आणि त्याच वेळी का, हे कोणालाच माहीत नव्हतं. कॅनडातले एक प्राध्यापक सुकणाऱ्या चिखलाला आणि रंगाला जाणाऱ्या तड्यांवर संशोधन करत होते. सरूने एस.टी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेतून त्यांना ईमेल केली. त्यांनी चार प्रश्न विचारले, तिने मूर्तींचे फोटो पाठवले, आणि एप्रिलमध्ये प्रवेश मिळाल्याचं कळलं. तिकडे दोन वर्षं एकच प्रश्न धरून स्वतः प्रयोग करायचे होते आणि शेवटी प्रबंध लिहायचा होता. खर्च प्राध्यापकांच्या अनुदानातून निघणार होता. त्यांच्या हाताखाली जागा एकच होती, एक सप्टेंबरला हजर व्हायचं होतं आणि पंधरा मेपर्यंत होकार कळवायचा होता.

तिला मिळालेला दुसरा प्रवेश ऑस्ट्रेलियातला, पुढच्या फेब्रुवारीत सुरू होणारा. त्यात वर्ग आणि परीक्षा होत्या, संशोधन नव्हतं आणि फी आपली आपण भरायची होती.

"दोन्ही मास्टरच ना?" मोरूशेठनी तेव्हाच विचारलं होतं. "मग फेब्रुवारीचं घे. फेब्रुवारीत कारखान्यात उंदीर पण नसतो."

"नाव एकच असलं तरी डिग्री एक नाय, आप्पा. पहिली केली तर पुढं पीएच.डी.ला कोणीतरी उभं करील. दुसरी केली तर परत बाटल्या तपासायच्या. फक्त बाटल्या तिकडच्या."

मोरूशेठना हे समजायला बरेच दिवस लागले. तोपर्यंत अक्षय्यतृतीया येऊन गेली होती.

त्या दिवशी पाट येतात. ज्या पाटावर घरचा गणपती बसतो, तो पाट लोक कारखान्यात आणून देतात. मागे घरच्याचं नाव लिहिलेलं असतं. पाट ठेवून घेतला की मूर्ती ठरली, वेगळं बोलणं होत नाही. मोरूशेठ पाट घेत गेले. पाट घेऊन दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे त्यांना कधी शिकावं लागलं नव्हतं. पाटांची थप्पी भिंतीला लागल्यावर त्यांनी पंचांग पाहिलं. २००४ साली अधिक श्रावण होता. गेल्या वर्षी गणपती ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी बसले, यंदा अठरा सप्टेंबरला. चार दिवस उशीर कॅनडात खपवून घेतला असता. तीन आठवडे कोण थांबणार? आणि पावसाळ्यात मूर्ती सुकायला वेळ लागतो, त्यामुळे घरगुती मूर्तींची आखणी शेवटच्या पंधरवड्यातच होते. दुसरा आखणीवाला मिळाला नाही. चांगले हात शिमग्यालाच बांधले जातात.

जाणार की राहणार, हे सरूने सांगितलं नाही. ती पहाटे डोळे आखत होती आणि सहाच्या आत नाक्यावर कंपनीची बस पकडत होती. मोरूशेठना तिचं हे गप्प राहणं सोसत नव्हतं. त्यात एक बारकी चीड वेगळीच. शेडच्या मागे तडा गेलेल्या मूर्ती टाकलेल्या असत. त्यांना कोणीतरी डोळे काढून ठेवले होते, काही तिरळे, काही बरे. कारखान्यातला जुना कारागीर नाथा तिथे घुटमळताना दिसला तेव्हा मोरूशेठ ओरडले होते, "तडकलेल्या मूर्तीला डोळे देतोस? लाज वाटत नाय? आणि हे डोळे हायत की लिंबाच्या फोडी?" नाथा खाली मान घालून निघून गेला होता.

होकार द्यायला दोन दिवस राहिले, तेव्हा मोरूशेठनी मनाशी ठरवलं. सरूची बस गेल्यावर त्यांनी गोविंदाला त्याचा टेम्पो घेऊन बोलावलं. खांब, कोलाड आणि रोह्याचे पाट वेगळे काढून चढवायला सांगितले. लांबची घरं आधी, पेणची नंतर. बायको कृष्णाबाई दारात आली.

"आता मे महिन्यात पाट कुठं चाललं?"

"परत द्यायला."

रिकामा पाट परत येणं अशुभ मानतात; कृष्णाबाईने पदर तोंडाला लावला. "रिकामं?"

"मग काय माती लावून देऊ? बाजूला हो."

गोविंदाने टेम्पो चालू करण्याआधी एकदाच विचारलं, "शेठ, नक्की ना?" आणि गाडी वडखळच्या रस्त्याला घेतली.

खांबला पहिलं घर धोंडुबाईंचं. त्या अंगणात तांदळाच्या पापड्या वाळत घालत होत्या. पाट पाहून त्या उठल्या आणि उंबऱ्याच्या आत जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्यो आमचा पाट काय ओ शेठ? काय मोडलाय?"

"मोडला नाय. यंदा जमणार नाय, धोंडुबाई. दुसरीकडं सांगा. माफी असावी."

"रिकामा पाट घरात घेऊ? कोण गेलं काय तुमच्यात?"

"कोण नाय गेलं. हात गेला माझा." मोरूशेठनी उजवा हात पोटापासून सोडला. तो हलायला लागला. पस्तीस वर्षं डोळे आखलेला हा हात बिघडल्यापासून त्यांनी कोणाला दाखवला नव्हता.

धोंडुबाईंनी हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "कधीपासनं?"

"गेल्या वर्षीच्या शिमग्यापासनं."

"मग गेल्या साली आमच्या गणपतीचं डोळं कोणी काढलं?"

बोलणं इथपर्यंत येईल असं मोरूशेठना वाटलं नव्हतं. पण आता खोटं बोलायला काही कारण उरलं नव्हतं. "सरूनं काढलं. सगळ्यांचंच तिनं काढलं."

"आमच्या सरूनं? अगो बाय!" धोंडुबाईंनी कपाळाला हात लावला आणि तोंडभर हसल्या. "सून म्हणत होती बघा, यंदा देव बघतोय असं वाटतं! मग अडलंय कुठं? तिलाच काढू दे. घेऊन जा तो पाट. आणि सांगा तिला, धोंडुबाईच्या घरचं डोळं तिच्याच हातचं पायजेत. दुसऱ्याचं आता चालायचं नाय."

"ती कॅनडाला चाललीय. शिकायला."

"जाऊ दे की. गणपती करून जाऊ दे. देवाचं काम करून गेल्यावर शाळा काय पळून जात्ये?" त्यांनी घरात हाक मारली. "सूनबाय, कोलाडला मामींना फोन लाव गो! त्यांना पण सांग!"

कोलाडला पोचेपर्यंत फोन पोचला होता. तिथलं पहिलं घर बंद होतं. मोरूशेठ म्हणाले, ओटीवर ठेवून जाऊ. गोविंदाने हात मागे घेतले. "शेठ, तुम्ही म्हणाल तिथं गाडी नेईन. पण बंद दारात रिकामा पाट मी नाय ठेवणार. माझी पण पोरंबाळं हायत." मोरूशेठनी डाव्या हाताने पाट उचलला. तोल सावरायला उजवा पुढे आला आणि पाट खडीवर पडला. गोविंदाने तो उचलला, आपल्या शर्टाने पुसला आणि टेम्पोत ठेवून दिला. कोलाडच्या बाकीच्या घरांपाशी त्याने गाडी थांबवली नाही आणि मोरूशेठही थांब म्हणाले नाहीत.

रोह्याला हैबतराव गेटपाशीच भेटले. निवृत्त होऊन चार वर्षं झालेला, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी टेम्पोतले पाट पाहिले आणि खूश झाले.

"वा, शेठ! घरपोच पाट गोळा करायला लागलात? झकास. आमचा तर तुमच्याकडे आलाच हाय. थांबा, धाकट्याचा राहिलाय, यंदा त्याचं वेगळं बसवायचं."

"हैबतराव, ऐका जरा. मी गोळा करत नाय..."

पण ते आत गेले होते. बाहेर आले ते दोन पाट घेऊनच. "एक शेजाऱ्यांचा. त्यांनी आत्ताच ऐकलं म्हणे, डोळे तुमची मुलगी काढते. खरं काय? मग हे दोन्ही तिच्या हातचे. आम्ही बघून घेऊ बरं का, फसवू नका!"

मोरूशेठ तोंड उघडेपर्यंत पाट वर चढले होते.

तीन वाजता धाटावला कंपनीच्या गेटसमोर टेम्पो उभा राहिला. पहिली पाळी सुटली. मैत्रिणींबरोबर बाहेर आलेली सरू टेम्पो पाहून थांबली. तिने पाटांवरून नजर फिरवली.

"हे काय, आप्पा?"

"पाट."

"ते दिसतायत. कुठं चाललेत?"

मोरूशेठच्या आधी गोविंदाच म्हणाला, "सकाळी परत द्यायला काढलं होतं. दोन वाढून आलेत."

सरूला हसू आलं. ती पुढे वडिलांशेजारी बसली आणि नागोठणं जाईपर्यंत तिला मधूनच हसू येत होतं. मग तिने विचारलं, "परत का देताय असं विचारलं असेल ना लोकांनी? काय सांगितलंत?"

"खरं सांगितलं. हात गेला म्हणून. डोळे तू काढलेस म्हणून."

सरूचं हसू गेलं.

"काय चुकलं?" मोरूशेठनी विचारलं.

"चुकलं नाय. शेडमागच्या मूर्तींना डोळे नाथाकाका काढत होते ना, ते मी शिकवत होते त्यांना. यंदाच्या शिमग्यापासून. तुम्ही त्यांना कुंचला लावू दिला नसतात, म्हणून बोलले नाय. आता बरे यायला लागलेत. ऑगस्टपर्यंत नीट आले असते, मग मी गेले असते. गेल्या वर्षी कोणाला कळलं नव्हतं, यंदाही कळलं नसतं. डोळे तुमचेच, असं धरून लोक घेऊन गेले असते."

आणि आता सगळेजण, सरूच्याच हातचे आहेत ना म्हणून, डोळ्यांत वाकून बघणार होते.

"तरी तू जा," मोरूशेठ म्हणाले. "काय व्हायचं ते होईल."

"आणि धोंडुबाईंना तुम्ही कोणाचे डोळे दाखवाल? त्यांनी पाट उचलून दुसरीकडं नेला की खांब उचलेल, कोलाड उचलेल. आई काय करेल, नाथाकाका काय करतील?"

मोरूशेठचा उजवा हात डोळ्यांसमोर हलत होता, म्हणून त्यांनी तो मांडीखाली दाबला.

पेणला स्टँडपाशी सरूने गाडी थांबवायला सांगितली आणि ती सायबर कॅफेत गेली. मोरूशेठ पाटांबरोबर टेम्पोत बसून राहिले. येणारे-जाणारे त्यांना रामराम करत होते. एकाने जाता जाता म्हटलं, "शेठ, ऐकलं हो, सरूबद्दल. नशीब लागतं!"

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात रंगाची एक लहान बाटली होती. शेजारच्या दुकानातून काळा रंग घेतला होता.

"काय लिहिलंस?"

"कॅनडाला नाय म्हणून."

"आणि त्या दुसऱ्याला?"

"व्हय म्हणून." ती आत बसली आणि दार ओढून घेतलं. "ती पण मास्टरच आहे, आप्पा."

मोरूशेठना आता फरक माहीत होता. त्यांनी गोविंदाला गाडी घ्यायला सांगितली.

कारखान्यावर नाथाने पाट उतरवून घेतले आणि भिंतीच्या थप्पीला लावले. नवे दोन वर ठेवले. उद्या शुक्रवार, सरूला पहिलीच पाळी आहे. धाटावचं गेट सात वाजता बंद होतं, त्यामुळे नाक्यावरची बस सहाच्या आत पकडावी लागते. परदेशी जाणाऱ्या पेटीसाठीच्या अकरा मूर्तींची आखणी बाकी आहे, तेव्हा दिवा पाचलाच लागेल.