सोनारमामाचा चळलेला हात

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. पण एवढं छातीवर हात ठेवून लिहितो, की चाकणच्या सोनारमामाएवढा हट्टी माणूस आमच्या मुलखात दुसरा झाला नाही. ह्यातलं मला कळतं, कारण त्याच्या खालोखाल नंबर माझाच लागेल. मामा तो नात्यानं कुणाचाच नव्हता. पण पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुलींच्या वाक्या तोच घडवायचा, म्हणून पोरी त्याला मामा म्हणायला लागल्या आणि मग सगळं गावच म्हणायला लागलं. वाकी म्हणजे दंडात घालायचा चांदीचा दागिना, खीळ फिरवून बंद करायचा. आमच्या कंपनीत जाणाऱ्या नातसुनांना हेही सांगावं लागतं, म्हणून इथं सांगून टाकलं.

मामा चांदी आधी दगडावर आपटून कानाला लावायचा. आवाज पटला नाही तर म्हणायचा, "ही कुरकुरती. सासरी नांदायची न्हाई," आणि ती गिऱ्हाइकाच्या हातात परत. काम चालू असताना समोर उभं राहिलेलं त्याला खपत नसे. "कधी होईल?" हा प्रश्न तर त्याला शिवीसारखा लागायचा. खेडच्या एका मानकऱ्यानं तो एका दिवसात तीनदा विचारला. मामानं तयार झालेली वाकी त्याच्या डोळ्यांदेखत मुशीत टाकली, भाता मारला आणि म्हणाला, "झाली हुती. आता न्हाई झाली." चूक कबूल करणं त्याच्या बोलीतच नव्हतं. एका सासुरवाशिणीला वाकी घट्ट झाली म्हणून तिची माणसं भांडायला आली, तर हा म्हणतो, "वाकी बरूबर हाय. पोरगी भरलीया, तिला घरी नेऊन इचारा." आणि खरंच, ती दोन जीवांची निघाली! त्या दिवसापासून मामाशी मापावरून भांडायला कुणी धजलं नाही.

पण त्याचा मोठा हट्ट वेगळाच होता. माणसाचे दोन दंड कधी सारखे नसतात, असं तो म्हणायचा. "ज्या हातानं पाणी वढती, दळती, त्यो दंड भरतो. दोनी वाक्या एका मापाच्या करणारा सोनार न्हवं, त्यो लव्हार." दुसऱ्यानं पाठवलेला मापाचा दोरा तो चुलीत घालायचा. स्वतः नवरीच्या गावी जायचा, तिला विहिरीचे चार पोहरे ओढायला लावायचा आणि तिच्या आईच्या हाती चामड्याची पट्टी देऊन पाठ करून बसायचा. आई पट्टी बांधून खूण करायची, हा भिंतीकडं बघत पान खायचा. त्यामुळं आमच्याकडं बाईमाणसाला पाठच होतं: मामाची मोठी वाकी उजव्या दंडात, लहान डाव्या.

माझं लग्न ठरलं ते पन्नास-पंचावन्न सालांच्या मधलं. मुलगी मोशीची. बघायला गेलो तेव्हा तिनं चहाची कपबशी पुढं करताना माझ्याकडं असं बघितलं, की चहात साखर होती की नव्हती हे मी आजही सांगू शकणार नाही. आमच्याकडून नवरीला वाक्या घालायच्या ठरल्या आणि आईनं मामाला मोशीला पाठवलं. परत आल्यावर मामानं मला एकट्याला दुकानामागं नेलं.

"नवरदेवा, पोरगी डावरी हाय."

मला स्वतःला तिच्या डाव्या हाताचं काही वाटलं नाही. पण वर्षभरापूर्वी तळेगावची एक चांगली मुलगी आईनं नाकारली होती, कारण काय, तर तिनं तांब्या डाव्या हातानं उचलला. मोशीवाल्यांनी आपली पोरगी पढवून, उजव्या हातानं चहा द्यायला लावला होता. आईला हे कळलं असतं तर माझं लग्न तिथंच मोडलं असतं.

"मामा, आईला सांगू नका."

"म्या कशाला सांगतोय? वाक्या सांगत्याल."

"मग दोन्ही सारख्या करा की."

"तुझ्या लग्नापायी मी लव्हार हू?"

तासभर भांडलो. मी म्हटलं, मी हिच्याशीच लग्न करणार. तो म्हणाला, कर, पण मी मापात खोटं करणार नाही. शेवटी असं ठरलं, की वाक्या चढवताना तो स्वतः मांडवात उभा राहील, एकेक वाकी आईच्या हातात देईल आणि दंड दाखवेल. आई घाईत असेल, तिच्या ध्यानात येणार नाही.

पण मामा आणि मी असे दोन शहाणे आईला ओळखायला कमी पडलो. लग्नाच्या दिवशी मामा वाक्या घेऊन पुढं झाला, तर आईनं कापडाची पुरचुंडीच हिसकून घेतली. "तीस वर्सं वाक्या घालतीया मी. मला शिकवतूस?" तिनं मोठी वाकी नवरीच्या उजव्या दंडात चढवली. वाकी घरंगळत कोपरावर आली. लहान वाकी डाव्या दंडात घातली, तर खीळ बसेना. बायका हसायला लागल्या. नवरीची मान खाली. तिच्या बापाचा चेहरा पांढरा पडलेला. आईनं एकदा ह्या दंडाकडं बघितलं, एकदा त्या दंडाकडं.

"मामा," ती सावकाश म्हणाली, "तुजं माप कदी चुकत न्हाई. मग डावा दंड मोटा कसा?"

मी पुढं झालो. तेवढ्यात मामा बोलला.

"चुकलं माजं, बाई. हात चळला."

आमच्या आजोबांनी कानामागं हात धरून विचारलं, "काय म्हंतोय त्यो?" तोवर मामानं दोन्ही वाक्या काढून घेतल्या होत्या. भर मांडवात तो पाटावर बसला, पिशवीतून हातोडी काढली आणि मोठी वाकी ठोकून आवळली, लहान ताणून सैल केली. नुसती अदलाबदल केली असती तरी दोन्ही चपखल बसल्या असत्या. पण तेवढ्यानंच सगळं उघडं पडलं असतं. घामाघूम होऊन त्यानं स्वतःची नामी घडण बिघडवली, नक्षीवर हातोडीचे घाव उमटले, आणि आई वरून म्हणत होती, "म्हातारा झालास, मामा. डोळं गेलं तुजं." मामा म्हणाला, "व्हय, गेलं."

पुढं वर्षभर बाजारात पोरंटोरं त्याला "हात चळला" म्हणून चिडवायची. काही गिऱ्हाइकं तळेगावला जायला लागली.

एका चुलीपुढं हात किती दिवस लपणार? महिन्याभरात आईनं सुनेला डाव्या हातानं सटासट भाकरी थापताना बघितलं. भाकरी अशी पातळ आणि गोल, की आई उभीच राहिली. शनिवारी मला घेऊन चाकणच्या बाजारात गेली आणि सगळ्यांच्या समोर मामाच्या दुकानापुढं उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "मामा, तुजा हात चळला न्हवता."

मामानं मान वर केली नाही. "चळला हुता."

"न्हवता! मला समदं कळलंय. धाकट्या लेकीच्या वाक्या तुझ्याकडंच करायच्या हायती."

"करीन. पर हात चळला हुता म्हंजे चळला हुता. माज्या हाताचं मला ठावं का तुला?"

बाजार हसला. दोघं बराच वेळ भांडत राहिली आणि मामानं काही माघार घेतली नाही. त्यानंतर तो दोनच वर्षं जगला. उभ्या जन्मात एवढी एकच चूक त्यानं कबूल केली, तीही न केलेली, आणि ती मरेपर्यंत सोडली नाही. मी खरं सांगायला निघालो की म्हणायचा, "गप, सूनबाईचं नाव निघंल."

म्हणून इतकी वर्षं गप्प राहिलो. आज सूनबाईनंच, म्हणजे आमच्या म्हातारीनं, लिही म्हणून सांगितलं. लिहिताना मात्र मधून मधून थांबत होतो, मामा येऊन दरडावेल म्हणून. कुणी आलं नाही.