वाघ, ढाण्या वाघ आणि छबुमावशी

नांदूरघाटच्या गहिनीनाथनं कार्डावर आपल्या नावाखाली 'गीतकार' असं छापून घेतलं, तेव्हा त्याची बायको वनमाला एवढंच म्हणाली, "बरं झालं. न्हाईतर लोकांना कळलं नसतं." खरं तर 'सुप्रसिद्ध गीतकार' छापायचं त्याच्या मनात होतं, पण छापखानेवाल्यानं "कुठं?" असं विचारलं आणि त्यानं तो शब्द गाळून टाकला.

धंदा मात्र बरा चालायचा. पुढाऱ्याचा वाढदिवस असो, मिरवणूक असो की प्रचार, गाणं लागायचंच. गहिनीनाथ शब्द जुळवायचा आणि बीडला एसटी स्टँडमागच्या एका खोलीत, भिंतींना गाद्या ठोकलेल्या स्टुडिओत, सत्यम नावाचा गायक ते गायचा. गाण्यात वाघ हटकून असायचा. पुढारी अंगानं भरलेला असला तर ढाण्या वाघ, किरकोळ असला तर नुसता वाघ. 'गोरगरिबांचा वाली' ही ओळ तर त्यानं इतक्या जणांना वाहिली होती की, "तालुक्यात आता गरिबांपेक्षा वालीच जास्त झालेत," असं तो स्वतःच सांगायचा.

मग सरपंचाची निवडणूक आली. मोहनराव उभे राहिले आणि त्यांच्या विरोधात त्यांचेच चुलतभाऊ आश्रुबा. दोघांनीही गहिनीनाथलाच गाणं सांगितलं. मोहनरावांचं झालं, आश्रुबांसाठी काही केल्या नवं सुचेना. शेवटी त्यानं तेच गाणं नाव बदलून देऊन टाकलं. प्रचाराच्या गाड्या वेगवेगळ्या गल्ल्यांनी फिरणार, कुणाला कळतंय!

बाजाराच्या दिवशी दोन्ही गाड्या एका बोळात समोरासमोर अडकल्या. मागं सरकायला कुणी तयार होईना. दोन्ही भोंग्यांतून एकच चाल, एकच शब्द. एक गाणं किंचित मागं होतं, त्यामुळं "मोहनराव ढाण्या वाघ" म्हणून होतंय न होतंय तोच "आश्रुबा ढाण्या वाघ" सुरू. बायका भाजीच्या पाट्या खाली ठेवून हसायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, "आरं, मत कोणत्या वाघाला द्यायचं ते तरी सांगा!"

मोहनराव तडक गहिनीनाथच्या घरी आले. "गहिनी, हे का म्हून केलंस रं?"

"अण्णा, तुमी दोघंबी सारखेच की. खोटं कसं लिव्हू?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की या धंद्यात आपण पहिल्यांदाच खरं बोललो आणि तेही गिऱ्हाइकासमोर. मोहनराव चहा न घेता उठले.

निवडणुकीत दोघंही पडले. निवडून आली ती तिसरी उमेदवार, सावित्रीबाई. तिनं गाणंच केलं नव्हतं.

त्यानंतर गहिनीनाथकडं कुणी फिरकेना. अशात एक दिवस शेजारची छबुबाई आली. जन्मभर कारखान्यांवर ऊस तोडायला गेलेली ही बाई गुडघ्यांनी दगा दिल्यानं यंदा गावातच राहिली होती.

"गहिनी, माज्यावर एक गाणं लिव्ह. पुढाऱ्यांवर लिव्हतूस, मी काय घोडं मारलंय?"

रिकामाच होता, बसला. सवयीनं त्यानं विचारलं, "मावशी, तुमचं कार्य काय?"

"कार्य? कोयता."

त्यानं झटक्यात ओळ जुळवून म्हणून दाखवली, 'छबुबाई वाघीण खरी.' छबुबाईनं कपाळावर हात मारला.

"वाघीण कशाची बाबा? फडात बिबट्या निघाला तवा सगळ्यात आदी मीच पळाले. चप्पल तितंच. आमचे धनी मागून वरडतेत, आगं थांब, थांब! मी कशाला थांबते? म्हणलं, आदी तुमी सुटा, मग बोलू!"

वनमाला आतून हसत बाहेर आली. म्हणाली, "हेच लिव्हा की."

गहिनीनाथला ते पटलं नाही. पळण्यावर गाणं असतं का कुठं? पण दुसरं काही सुचत नव्हतं, हे नेहमीचंच. त्यानं लिहिलं: 'पुढं छबू, मागं नवरा, त्याच्या मागं बिबट्या बावरा.' सत्यमला गाताना इतकं हसू फुटलं की ते हसू तसंच रेकॉर्ड झालं आणि तसंच ठेवलं.

गाणं गेलं ते कुठल्या कुठं गेलं. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरांवर वाजलं, हळदीत वाजलं. नारायणगडाच्या जत्रेत बायका पाळण्याच्या रांगेत ते म्हणताना गहिनीनाथनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. छाती फुगवून त्यानं एकीला विचारलं, "ताई, हे कुणी लिव्हलंय, ठाऊक हाय का?"

"लिव्हतंय कशाला कुणी? ते तसंच झालंय," ती म्हणाली.

त्यानं खिशातून कार्ड काढून दिलं. तिनं ते उलटंपालटं केलं आणि त्यावर लेकराला भेळ दिली.

गावात आता त्याला गीतकार कुणी म्हणत नाही, 'बिबट्या' म्हणतात. परवा मोहनराव पुन्हा आले, वाढदिवसाचं गाणं हवं म्हणून. जरा घुटमळले, मग हळूच म्हणाले, "त्या छबुबाईवाणी माज्यातबी कायतरी टाक. लोकांना लई आवडतंय ते."

"तुमी कदी कुणाला भ्यालात का, अण्णा?"

मोहनरावांनी आधी दाराकडं पाहिलं. "पहिल्या भाषणाला. माइक हातात दिला आन मी शाळंच्या मागच्या भिंतीवरून उडी टाकून घरी आलतो. पण हे लिव्हू नगंस."

गहिनीनाथला तिथल्या तिथं दोन कडवी सुचली होती. पण गिऱ्हाईक पुन्हा मोडायचं नव्हतं. त्यानं ती गिळली आणि मोहनरावांना पुन्हा ढाण्या वाघ करून टाकलं.