शाहबुलबुलाची गादी

रमजानभाईंच्या घरून भाभींचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. त्या रडल्या नाहीत. "मास्तर, तुमचे दोस्त गेले," एवढंच म्हणाल्या. समोर सावरीची बोंडं फुटली होती आणि तिचा कापूस मैदानभर तरंगत होता. रमजानभाई आर्णीतले पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरणारे. सावरीचा कापूस त्यांना मुळीच पटत नसे. उशीपुरता ठीक, गादीत घातला की पाहुण्यासारखा बसूनच राहतो, म्हणायचे. नेमका त्यांच्या जाण्याच्या दिवशी तो असा मिरवावा... मला हसू आलं, आणि मग बराच वेळ वर्गात जाता आलं नाही.

आमची दोस्ती एका पक्ष्यामुळे झाली. गावाबाहेर सागाच्या जंगलातून एक नाला येतो. तिथं ते गाद्यांच्या खोळी धुवायला आले होते, मी दुर्बीण गळ्यात घालून विद्वान दिसत होतो. जांभळीच्या सावलीतून एक लांब पांढरी फीत लहरत गेली. "अरे, माझा पेळू उडाला!" म्हणत, पिंजलेल्या कापसाची वळी समजून, रमजानभाई गुडघाभर पाण्यात धावले. मी घसा साफ करून सांगितलं की हा स्वर्गीय नर्तक. काळा तुरा, पांढरं अंग, शेपटीला दोन फिती, म्हणजे नर. ते म्हणाले, हा तर शाहबुलबुल. तेवढ्यात तांबूस रंगाचा, तशाच फिती असलेला दुसरा आला. मी मादी म्हणून जाहीर केलं, त्यांनी धाकटी बेगम. घरी पुस्तक उघडलं तर तो निघाला तरुण नर, वयानं पुढं पांढरा होणारा. मादीला फिती नसतातच. दोघांनीही बेगमची माफी मागितली.

मग दर उन्हाळ्यात आम्ही नाल्यावर. खडकावर मास्तरांचं बूड झिजेल म्हणून त्यांनी दोन छोट्या गाद्या शिवल्या. संध्याकाळी पक्षी फांदीवरून पाण्यात सूर मारी, वर जाऊन पंख झटके, पुन्हा सूर मारी. आम्ही बोलणं विसरून जायचो... पाणी काळं होत जाई आणि त्यात ती एक पांढरी रेघ उमटून विरे.

कापसाचे भाव पडले होते ती ही वर्षं. भाव चढेल म्हणून लोकांच्या घरात छतापर्यंत कापूस रचलेला, आणि त्याच घरात झोपायला दुकानातून फोमची गादी. रमजानभाईंचं पिंजण खुंटीवर गेलं. त्याच उन्हाळ्यात जांभळीच्या बेचक्यात घरटं दिसलं, पेल्याएवढं, बाहेरून पांढरे ठिपके लावलेलं. रमजानभाई उठून उभे राहिले. "मास्तर, कापूस हाये तो! कोणाले नाही तर याले तरी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून उत्तम पिंजलेला कापूस आणला आणि बोराटीच्या काट्यांवर बोटभर पुंजके अडकवले, दुकान मांडावं तसे. आम्ही वाट पाहिली. मादी आली, पुंजक्यांजवळून गेली, सालीच्या खाचेतलं कोळ्याचं जाळं ओढून घेऊन गेली. ते पांढरे ठिपके कोळ्याचेच कोष होते. जाळं चिकटतं, घरट्याला धरून ठेवतं. कापूस धरत नाही. मी हे समजावलं.

"म्हणजे इथंबी फोमच," ते म्हणाले.

तरी दर उन्हाळ्यात पुंजके लागत राहिले. भाभी म्हणायच्या, इतक्या कापसात एक उशी झाली असती. यावर ते म्हणायचे, गिऱ्हाईक ओळखीचं व्हायले वेळ लागते. गेल्या वर्षी रमजानभाईंचा खोकला वाढला होता. काट्यांपर्यंत हात पोचेना, म्हणून मी अडकवले आणि त्यांनी खालून चुका काढल्या.

परवा मी दोन्ही गाद्या घेऊन एकटाच नाल्यावर गेलो. बोराटीवर गेल्या वर्षीचा एक पुंजका राहिला होता, करडा, आकसलेला. त्यावर कुणा कोळ्यानं जाळं विणलं होतं. मादी आली, हवेत थरथरत थांबली आणि तिनं जाळं ओढलं. जाळ्याला धरून कापूसही निघाला. तो तसाच चोचीत लोंबत जांभळीत गेला. अर्धवट घरट्यात बसून तिनं छातीनं तो दाबला, गोल फिरली, पुन्हा दाबला. गादी भरून झाली की रमजानभाई ती तळहातानं थोपटत, अगदी तसं.

मी शेजारच्या रिकाम्या गादीवर हात ठेवला.

"भाई," म्हटलं, "घेतला."