पित्ताची गोळी आणि माझा उजवा हात

मंगल, ये, जवळ बस आणि आधी बोलणी खा. परवा फोनवर काय म्हणालीस? "वहिनी, तुमचीच ती पित्ताची गोळी चालू केलीया, लई बरं वाटतंय." बरं वाटतंय म्हणे! नणंद आहेस म्हणून ओरडते. ज्यांच्या फ्रीजवर अशी गोळ्यांची पट्टी पडून असते, त्या बाकीच्यांनीही ऐका.

"आजी, पार्किन्सन वाटतोय," असं आमच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझा हात त्यांच्या टेबलावर थडथड वाजत होता. पाय घासत चालायचे, चेहरा मख्ख. लवळ्यात हॉस्टेलच्या पोरींना मी डबे देते. एक विचारायची, "आजी, रागावलात का?" अगं, रागवायला मला तोंड आहे की! पण भाकरी थापता येईना, आमटी सांडायला लागली, तेव्हा धाबं दणाणलं. हात गेला तर माझं उरलं काय?

पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरीणबाई. बाकावर बसून कंबर धरली. एमआरआय काढला, म्हणजे ठोकाठोकीच्या बोगद्यात निजायचं. त्यात काही निघालं नाही.

"औषधं कोणती घेता?" बाईंनी विचारलं.

"बीपीची. बाकी काय न्हाई."

दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलं. शेवटी वैतागून म्हणाल्या, "पुढच्या वेळी पोटात जाणारं सगळं पिशवीत भरून आणा."

पुढच्या खेपेला सूनबाईनं पिशवी टेबलावर ओतली. बाईंनी एक पट्टी उचलली.

"आणि हे?"

"ते औषध न्हाई, बाई. पित्ताचं हाय."

बाईंनी कपाळ धरलं. आपल्याकडे पित्ताच्या गोळीला औषध म्हणतं कोण? जेवलं, बडीशेप खाल्ली, गोळी खाल्ली. डॉक्टरनं दिलेली आठ दिवसांसाठी. मी दोन वर्षं रिकामी पट्टी दाखवून मेडिकलमधून आणत होते.

गोळीत लेव्होसल्पिराइड होतं. बाई म्हणाल्या, "मेंदूतल्या पेशी डोपामाइन नावाच्या रसायनातून हालचालीचा निरोप धाडतात. तो घेणारी जागा म्हणजे रिसेप्टर. हे औषध तिथंच ठाण मांडतं."

मला लगेच कळलं. कासार आंबोलीला शनिवारी बंगलेवाले आपल्या शेताच्या वाटेवर गाडी आडवी लावतात ना, तसंच. ट्रॅक्टर धड, ड्रायव्हर धड, वाटच अडलेली!

गोळी बंद केली. बीपीची मात्र चालूच. ती मनानं सोडायची नसते. "हात लगेच थांबणार नाही," बाई म्हणाल्या. किती चिडचिड केली मी! रोज उठून हाताकडे बघायचं, तो आपला हलतोच आहे. पावसाळा सरता सरता भाकरी गोल यायला लागली. त्या बाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून, नाहीतर पार्किन्सनच्याही गोळ्या गिळत बसले असते.

मंगल, तुझे दादा सांगत होते, नांद्याला तुझ्या घरी चहा देताना तुझी कपबशी वाजत होती. फोनवर मला हे का नाही सांगितलंस? गुरुवारी बाईंची वेळ घेतली आहे, तुझ्या नावानं. बुधवारीच मुक्कामाला ये. नाही आलीस तर मी न्यायला येईन, आणि मग साऱ्या आळीला ऐकू जाईल.